जुने ब्राउनिंग पिस्तूल विकत घेण्यापूर्वी: कागद, क्रमांक, नळी आणि स्प्रिंगा यांची तपासणी

नागपुरात परवानाधारकाला जुने विलायती पिस्तूल मिळते ते बहुतेक एकाच वाटेने. घरातील वडीलधारा परवानाधारक वारतो, वारसांपैकी कोणाला ते हत्यार ठेवायचे नसते, मग ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा होते आणि कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी विक्रीला येते. सर्वसामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद झाल्यामुळे बेल्जियम, जर्मनी, अमेरिका किंवा इंग्लंडमध्ये बनलेली जुनी पिस्तुले देशात आहेत तेवढीच फिरत राहतात. त्यांची किंमत पोलादाच्या दर्जापेक्षा दुर्मीळपणावर ठरते, आणि त्यामुळेच घेणाऱ्याने स्वतः तपासून घेणे अत्यंत आवश्यक ठरते.

मी अनेक वर्षे फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवले असून स्वतः परवानाधारक आहे. ओळखीच्या लोकांसोबत अशी पिस्तुले पाहायला जाण्याची वेळ माझ्यावर वारंवार येते. या लेखात मी एफएन या बेल्जियन कंपनीचे ब्राउनिंग मॉडेल १९१० हे पिस्तूल उदाहरण म्हणून घेतले आहे. जॉन ब्राउनिंग यांनी ते रचले, बेल्जियममधील हर्सताल येथील कारखान्यात ते दीर्घकाळ बनत राहिले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याचे उत्पादन थांबले. लांबी साधारण १५३ मिलिमीटर, वजन सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर आणि मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) .३२ ची, म्हणजेच ७.६५ मिलिमीटरची, सात काडतुसे अशी त्याची ठेवण आहे. पुढे सांगितलेली बहुतेक तपासणी वॉल्थर पीपी, कोल्ट १९०३ किंवा त्या जातीच्या इतर कोणत्याही जुन्या छोट्या पिस्तुलाला थोड्याफार फरकाने लागू पडते.

तपासणीचा क्रम मी नेहमी एका प्रश्नावर ठरवतो: हा दोष नंतर दुरुस्त होऊ शकतो का? क्रमांक, नळी आणि फ्रेम (पकडीसह खालचा सांगाडा) हे दुरुस्त न होणारे भाग असल्यामुळे ते आधी पाहावेत. स्प्रिंगा, मॅगझिन आणि लाकडी किंवा रबरी पट्ट्या बदलता येतात, म्हणून त्यांचा विचार भाव ठरवताना करावा. बहुतेक लोक याच्या नेमके उलट करतात. ते प्रथम निकेलची झळाळी पाहतात, मग हातात घेऊन पकड कशी बसते ते पाहतात आणि क्रमांकाकडे त्यांचे लक्ष जाते तोपर्यंत मन बनलेले असते.

पिस्तुलाला हात लावण्याआधीचे कागद

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीबाहेर यातील एकही पायरी करता येत नाही. नागपूर शहराच्या हद्दीत परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे, ग्रामीण भागासाठी तो जिल्हाधिकाऱ्यांकडे म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे. आपल्या परवान्यावर पिस्तुलाची आणि त्याच्या बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची, नोंद आहे का, खरेदीसाठी दिलेली मुदत शिल्लक आहे का आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार ठरलेली दोन हत्यारांची मर्यादा आपण ओलांडत तर नाही ना, हे आधी घरीच पाहून घ्यावे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, त्यामुळे विकणाऱ्याच्या परवान्यावरील नूतनीकरणाच्या तारखाही त्या हिशेबाने वाचाव्यात.

विकणारा खाजगी परवानाधारक असेल तर कलम ५ नुसार त्याने विक्रीचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार हस्तांतरित करता येत नाही. हे ४५ दिवस अनेकांना त्रासाचे वाटतात, परंतु घेणाऱ्याला याच काळात शांतपणे दोन वेळा पिस्तूल पाहता येते, आणि ही संधी मी तरी कधी सोडत नाही. विकणाऱ्याने दिलेल्या सूचनापत्राची पोच घेतलेली प्रत मागावी, त्यावरील हत्याराचा क्रमांक आपल्या वहीत उतरवून घ्यावा आणि तोच क्रमांक त्याच्या परवान्यावर आहे का ते पाहावे. परवान्यावर राष्ट्रीय डेटाबेसमधील युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, ज्याला सगळे यूआयएन म्हणतात, तो नोंदलेला नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट येथे कळकळीने सांगावीशी वाटते. ओळखीच्या माणसाने "दोन दिवस घरी नेऊन नीट बघून घ्या" असे म्हटले तरी नेऊ नये. ज्या हत्याराची नोंद आपल्या परवान्यावर नाही ते आपल्या कपाटात असणे हा गुन्हा आहे, मग देणारा सख्खा मामा का असेना. तपासणी परवानाधारकाच्या समक्ष, आणि शक्यतो शस्त्रविक्रेत्याच्या दुकानातच करावी. तिथे उजेड असतो, टेबल असते, गनस्मिथ असतो आणि मुख्य म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सर्व काही जागच्या जागी असते.

हातात घेतानाची शिस्त

पिस्तूल रिकामे आहे असे समोरच्याने कितीही ठामपणे सांगितले तरी तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवून, आधी मॅगझिन काढावे आणि नंतरच स्लाइड (मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे ओढावी. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढले, तर वरचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातील काडतुसाच्या घरात, जाऊन बसते आणि हातात रिकामे समजलेले भरलेले पिस्तूल राहते. स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे, मग करंगळी घालून चाचपावे आणि पुन्हा एकदा तेच करावे. मॉडेल १९१० मध्ये बाहेर दिसणारा घोडा नाही. आतला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडातील टोपीवर आदळून बार उडवणारी दांडी, चढलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून या पिस्तुलाच्या बाबतीत ही शिस्त आणखी काटेकोर हवी.

हे पिस्तूल पूर्ण खोलायचे असेल तर नळीच्या तोंडाशी असलेली खरबरीत कडेची गोल कडी आत दाबून फिरवावी लागते आणि तिच्यामागे नळीभोवती गुंडाळलेली, स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग ताणलेली असते. कडी हातातून सुटली तर ती स्प्रिंगसकट सरळ डोळ्याच्या उंचीला येते. खोलणे विक्रेत्याच्या गनस्मिथला करू द्यावे, आपण चष्मा लावून बाजूला उभे राहावे आणि सुटे झालेले भाग पांढऱ्या कपड्यावर ओळीने मांडायला सांगावे. जो विकणारा खोलून दाखवायला तयार होत नाही त्याच्याकडून घेऊ नये, एवढे याबाबत पुरेसे आहे.

क्रमांक आणि शिक्के

एफएनच्या या पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक फ्रेमवर, स्लाइडवर आणि नळीवर असा तीन ठिकाणी उजव्या बाजूने दिसतो. नळीवरचा क्रमांक पुंगळी (काडतुसाचे रिकामे कवच) बाहेर पडण्याच्या खिडकीतून वाचता येतो. तिन्ही क्रमांक एकच असले पाहिजेत. फ्रेम आणि स्लाइडचा क्रमांक जुळतो पण नळीचा जुळत नाही, असे आढळले तर नळी बदललेली आहे, आणि मग ती कोठून आली, कोणी बसवली आणि तिची नोंद कोठे आहे हे प्रश्न उभे राहतात. यात आणखी एक गोम आहे. हेच मॉडेल ९ मिलिमीटर शॉर्ट या काडतुसासाठीही बनत असे आणि त्याची नळी व मॅगझिन त्याच फ्रेममध्ये बसते. चेंबरपाशी नळीवर कोरलेले माप ७.६५ आहे की दुसरे, हे भिंगातून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. परवान्यावर .३२ लिहिलेले असेल आणि नळी दुसऱ्या मापाची असेल, तर ती जबाबदारी सही करून घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

क्रमांक खोडणे, बदलणे किंवा खोटा कोरणे याला कलम ८ ने मनाई केलेली आहे, आणि ओळखीचे चिन्ह नसलेले हत्यार विकणेही त्याच कलमात बसते. म्हणून क्रमांक नुसता वाचून चालत नाही, त्याच्याभोवतीचा पृष्ठभाग पाहावा लागतो. मी हे असे करतो: दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यायचे, बॅटरीचा उजेड समोरून न टाकता जवळजवळ आडवा, पृष्ठभागाला घासून जाईल असा टाकायचा आणि पिस्तूल हळूहळू फिरवायचे. कारखान्यात ठोकलेल्या अंकाच्या कडेला पोलाद किंचित वर उचललेले असते आणि सर्व अंकांची खोली सारखी असते. जिथे कानस किंवा बफ (पॉलिशचे चाक) फिरला आहे तिथे ती उचललेली कड नाहीशी होते, अंक उथळ होतात आणि अंकांच्या पट्ट्यात पृष्ठभाग किंचित खोलगट झाल्यामुळे आडवा उजेड तिथे वाकतो. हाताला हा खोलगटपणा डोळ्याच्या आधी कळतो. अंगठ्याचे पेर डोळे मिटून क्रमांकावरून फिरवावे.

डाव्या बाजूला स्लाइडवर कारखान्याचे नाव आणि ब्राउनिंगच्या पेटंटचा उल्लेख फ्रेंच भाषेत दोन ओळींत असतो. नकली हत्यारांवर याच ओळी नीट उमटत नाहीत: अक्षरे एका रेषेत बसत नाहीत, एखादे अक्षर उलटे किंवा गाळलेले असते, कोरीवकाम हाताने केल्यासारखे दिसते. लीज शहराच्या परीक्षणगृहाचे शिक्केही पाहावेत. अंडाकृती चौकटीतील ईएलजी अक्षरे, पीव्ही अक्षरांवर उभा सिंह आणि परीक्षकाचे ताऱ्याखालील अक्षर हे बेल्जियममध्ये दाबाची चाचणी झाल्याचे पुरावे आहेत. १९२२ पासून तिथे वर्षासाठी छोटे अक्षर ठोकण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे शिक्का स्पष्ट असेल तर चाचणीचे वर्षही कळू शकते. शिक्के अर्धवट पुसलेले असतील तर पृष्ठभाग नंतर घासला गेला आहे असे समजावे.

याच ठिकाणी निकेलचा विषय येतो. आपल्याकडे जुन्या पिस्तुलाला नव्याने निकेल चढवून देण्याची हौस फार आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचिताने मला एक लखलखीत पिस्तूल दाखवले. आरशासारखे होते आणि मागितलेली किंमतही तशीच होती. आडव्या उजेडात पाहिल्यावर स्लाइडवरील दुसऱ्या ओळीची निम्मी अक्षरे केवळ अंदाजाने वाचता येत होती, स्लाइडच्या मूळच्या धारदार कडा गोलावलेल्या होत्या आणि खिडकीच्या आतल्या कोपऱ्यात निकेलखाली गंजाचे खड्डे तसेच बुजलेले दिसत होते. चढवण्याआधी ते बफवर इतके घासले गेले होते की स्लाइडचे काही पोलाद कायमचे गेले होते. त्या परिचिताला मी स्पष्ट नकार सांगितला. कडेला ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) उडालेले, म्यानात घासून चंदेरी झालेले, पण अक्षरे तीक्ष्ण असलेले पिस्तूल मी अशा आरशापेक्षा केव्हाही पसंत करीन.

नळी

नळी ही तपासणीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे, कारण या पिस्तुलाची नवी नळी आता कारखान्यातून येणार नाही. पिस्तूल खोललेले असताना नळी सुटी हातात घ्यावी, कोरड्या सुती चिंधीने आतून पुसून घ्यावी आणि पांढऱ्या कागदावर उजेड टाकून त्या कागदाकडे नळीतून पाहावे. थेट बॅटरी दाखवली तर चकाकीमुळे दोष लपतात. आत उजवीकडे वळत जाणाऱ्या सहा खाचा असतात. त्यांच्या कडा शेवटपर्यंत एकसारख्या आणि टोकदार दिसल्या पाहिजेत.

काळसर ठिपके दिसले तर ते मळ आहेत की खड्डे, हे ठरवावे लागते. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनाचे क्षार नळीत राहत, ते हवेतील ओल ओढून घेत आणि त्या जागी पोलाद खात जात. नळी तेलाने पुसूनही हे क्षार जात नाहीत, ते पाण्याने विरघळवावे लागतात आणि आपल्याकडे ते कोणी करत नसे. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंटने दहा वेळा पुसल्यावरही ठिपका तसाच राहिला तर तो खड्डा आहे. चेंबरच्या पुढच्या इंचभर भागात बारीक खड्डे थोडेफार चालतात, नेम त्याने फारसा बिघडत नाही. चेंबरमध्ये खड्डे असतील तर मात्र पुंगळी फुगून त्यात अडकते आणि ती ओढून काढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, तिची कड तोडून मोकळा होतो; असे पिस्तूल घेऊ नये.

त्याहून गंभीर दोष म्हणजे फुगवटा. कधीकाळी एखादी गोळी नळीत अडकलेली असताना पुढची झाडली गेली असेल तर त्या जागी नळी आतून अंगठीसारखी फुगते. आतून पाहताना एक काळपट गोल वलय दिसते आणि नळी सपाट काचेवर गडगडवत नेली तर ती त्या ठिकाणी किंचित उचलली जाते. मॉडेल १९१० मध्ये स्प्रिंग नळीभोवतीच बसते, त्यामुळे बाहेरून पाहिल्यास त्या जागी स्प्रिंगने घासून चकचकीत पट्टा पाडलेला असतो. हा पट्टा मला एका पिस्तुलात सापडला होता. मालकाला त्याची अजिबात कल्पना नव्हती, कारण ते त्यांच्या वडिलांचे होते आणि त्यांनी स्वतः ते कधीच चालवलेले नव्हते. त्यांनी काही लपवलेले नव्हते आणि ते हत्यार नंतर त्यांनी विक्रीतून काढून घेतले.

नळीच्या खालच्या बाजूला ज्या आडव्या कडा फ्रेमच्या खाचांत बसतात, त्यांचे कोपरे गोलावलेले नाहीत ना, हे नखाने पाहावे. नळी एकटीच फ्रेममध्ये बसवून हलवली तर ती खुळखुळू नये.

फ्रेम आणि स्लाइडमधील तडे

या पिस्तुलात नळी स्लाइडला कोणत्याही कुलपाने अडकलेली नसते. गोळी नळीबाहेर जाईपर्यंत स्लाइडला मागे जाण्यापासून रोखते ते फक्त तिचे स्वतःचे वजन आणि स्प्रिंगचा जोर. स्प्रिंग वर्षानुवर्षे बदलली नसेल तर स्लाइड प्रत्येक बारासोबत अधिक वेगाने मागे येऊन फ्रेमवर आदळते, आणि म्हणून वरवर मजबूत दिसणाऱ्या पिस्तुलातही तडे शोधावे लागतात. खिडकीचे पुढचे व मागचे कोपरे, स्लाइडच्या आत काडतुसाची पाठ टेकते त्या भागाच्या कडा आणि फ्रेमवरील रुळांची टोके या तीन जागा पाहाव्यात.

यासाठी वर्कशॉपमधील जुनी रॉकेल-खडूची पद्धत मी वापरतो. तेल पूर्ण पुसून भाग कोरडा करायचा, ब्रशने थोडे रॉकेल लावून दहा मिनिटे थांबायचे, नंतर चिंधीने ते अगदी स्वच्छ पुसून टाकायचे आणि वरून खडूची बारीक पूड कोरड्या ब्रशने पसरायची. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू पुडीत शोषले जाते आणि पांढऱ्या पृष्ठभागावर केसाएवढी ओली रेघ उमटते. ओरखडा असेल तर रेघ उमटत नाही, कारण ओरखड्यात रॉकेल साठवायला खोली नसते. ही रेघ दिसली की वाटाघाट तिथेच थांबवावी. वेल्डिंग करून घेऊ असे सुचवणारे लोक भेटतात, पण उष्णतेने त्या भागाचे पोलाद मऊ पडते आणि पुढच्या वेळी तो तडा कोठे सुरू होईल हे कोणालाच सांगता येत नाही.

सेफ्टी आणि ट्रिगर

पिस्तूल पुन्हा जोडून, ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करून आणि शक्य असल्यास चेंबरमध्ये नकली काडतूस म्हणजे स्नॅप कॅप ठेवून पुढील चाचण्या कराव्यात. कोरडे ट्रिगर पुन्हा पुन्हा ओढल्याने जुना स्ट्रायकर मोडू शकतो, म्हणून प्रत्येक चाचणी एकदाच करावी.

या मॉडेलला तीन सेफ्टी आहेत आणि तिन्ही स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. पकडीच्या मागची सेफ्टी न दाबता, म्हणजे पिस्तूल बोटांच्या चिमटीत धरून ट्रिगर ओढला तर आवाज येऊ नये. मॅगझिन काढून, पकड पूर्ण दाबून ओढला तरी येऊ नये. अंगठ्याची सेफ्टी वर करून ट्रिगर जोराने ओढावा, सोडावा आणि मग सेफ्टी हळूच खाली करावी. खाली करताना "टक्" असा आवाज आला तर स्ट्रायकर अडवणारा सिअर झिजलेला आहे. असे पिस्तूल एके दिवशी सेफ्टी काढताच आपोआप उडेल. मॅगझिनची सेफ्टी कोणीतरी मुद्दाम काढून टाकल्याचे कधीकधी दिसते. तशी फेरफार केलेली आढळल्यास मूळ भाग परत बसवून देण्याची लेखी अट घालावी.

आणखी दोन चाचण्या आहेत. रिकामे मॅगझिन बसवून, स्लाइड ओढून सोडावी, ट्रिगर ओढून तसाच दाबून धरावा आणि स्लाइड पुन्हा ओढून सोडावी. या वेळी स्ट्रायकर सुटता कामा नये. ट्रिगर सोडल्यावर बारीक टिचकी ऐकू यावी आणि पुन्हा ओढल्यावरच तो सुटावा. दुसरी चाचणी अशी की स्लाइड तीन-चार मिलिमीटर मागे धरून ट्रिगर ओढला तर काहीही होऊ नये. स्लाइड पूर्ण बंद होण्यापूर्वी बार उडणारे पिस्तूल धरणाऱ्याच्या हातातच फुटते. स्ट्रायकरच्या स्प्रिंगचा जोर पाहायचा असेल तर स्नॅप कॅप काढून टाकावी, पिस्तूल छताकडे सरळ उभे धरावे, एक साधी पेन्सिल तिचा रबराचा टोक खाली ठेवून नळीत सोडावी आणि चेहरा बाजूला ठेवून ट्रिगर ओढावा. पेन्सिल नळीबाहेर स्पष्ट उडाली तर स्प्रिंगमध्ये जीव आहे.

हे पिस्तूल ज्या काळात रचले गेले त्या काळी स्ट्रायकरला स्वतंत्र अडसर लावण्याची पद्धत नव्हती, फक्त सिअर त्याला धरून असतो. त्यामुळे सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झालेले पिस्तूलही चेंबरमध्ये काडतूस ठेवून खिशात किंवा गाडीत बाळगू नये, असे माझे ठाम मत आहे.

मॅगझिन आणि स्प्रिंगा

येथून पुढचे दोष भावात मोजायचे. तरीही मॅगझिनकडे दुर्लक्ष करू नये, कारण जुन्या पिस्तुलात अडकण्याचे सर्वांत सामान्य कारण तेच असते. वरच्या दोन ओठांमधील अंतर दोन्ही टोकांना सारखे असावे, ओठांच्या मुळाशी तडा नसावा आणि आतला फॉलोअर, म्हणजे काडतुसे वर ढकलणारा भाग, बोटाने तिरपा दाबून सोडला तरी न अडकता वर यावा. मूळ मॅगझिन हरवलेले असेल आणि त्या जागी हाताने बनवलेले असेल, तर त्याच्यासाठी नंतर जेवढा त्रास होतो तेवढा संपूर्ण पिस्तुलासाठी होत नाही, आणि किमतीत तो त्रास धरून चालावे.

.३२ च्या काडतुसाची एक खोड येथे समजून घेतली पाहिजे. १८९९ पासून चालत आलेल्या या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा थोडी बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे बसली, तर स्लाइड त्याला पुढे ढकलू शकत नाही आणि दोन्ही एकमेकांत गुंततात. मॅगझिनमध्ये सात नकली काडतुसे भरून आणि स्लाइडने सातही बाहेर काढून पाहावीत. एकदा अडकले तर भरण्याची चूक असू शकते, त्याच जागी पुन्हा पुन्हा अडकले तर मॅगझिन दोषी समजावे.

रिकॉइल स्प्रिंगची परीक्षा सोपी आहे. स्लाइड सेंटिमीटरभर मागे ओढून हाताने धरत धरत पुढे सोडावी. शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये ती अंगठ्याच्या मदतीशिवाय बसली पाहिजे. तोंडाच्या कडीचा दात आणि स्लाइडमधील तिची खाच झिजलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे, कारण सगळा ताण त्या एका दातावर असतो.

रेंजवरील चाचणी

झाडून पाहण्याची चाचणी फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, विकणाऱ्या परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा विक्रेत्यामार्फत करावी. शेतात, फार्महाऊसवर किंवा लग्नाच्या मांडवात केलेली चाचणी ही कायद्याने चाचणी राहत नाही. पिस्तुलासोबत मिळालेली जुनी काडतुसे वापरू नयेत. खडकीच्या कारखान्याच्या केएफ छापाची ताजी काडतुसे विक्रेत्याकडून परवान्यावर नोंद करून घ्यावीत.

पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरावे. दुसऱ्या वेळी दोन, आणि एका ओढण्यात दोन्ही उडत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावे. तसे झाले तर चाचणी त्याच क्षणी थांबवावी. त्यानंतर सात-सातच्या दोन फेऱ्या पुरतात. प्रत्येक रिकामी पुंगळी गोळा करून मी कागदावर क्रमाने उभी करतो, कारण पिस्तुलाच्या तब्येतीचे जे वर्णन पुंगळ्या करतात ते विकणारा करू शकत नाही. टोपीवरील खूण मध्यभागी आणि गोल असावी, टोपी भोकलेली नसावी, अंगावर फुगीर पट्टा नसावा, बुडाची कड उपटलेली नसावी आणि पुंगळ्या साधारण एकाच दिशेला पडाव्यात. त्या काही पुढे, काही डोक्यावरून मागे अशा पडू लागल्या तर एक्स्ट्रॅक्टर किंवा स्प्रिंग थकलेली आहे. सात-आठ मीटरवरून गोळ्या ताटाएवढ्या गोलात पडल्या तर एवढ्या आखूड नळीच्या आणि बारीक साइटच्या पिस्तुलाकडून आणखी अपेक्षा करू नये.

भाव ठरवताना आयुध निर्माणीच्या नव्या .३२ पिस्तुलाची किंमत समोर ठेवावी. ते नवे असते, त्याचे सुटे भाग मिळतात आणि क्रमांकाचा घोळ नसतो. जुन्या बेल्जियन पिस्तुलासाठी अधिक पैसे द्यायचे असतील तर ते त्याच्या घडणीवरील प्रेमापोटी द्यावेत, संरक्षणासाठी ते अधिक चांगले आहे या समजुतीने नव्हे. दुरुस्ती आवश्यक असेल ती परवानाधारक गनस्मिथकडूनच, विक्रीपूर्वी आणि विकणाऱ्याच्या नावावर पावती होऊन व्हावी.

व्यवहार पूर्ण झाल्यावर हत्याराची नोंद मुदतीत आपल्या परवान्यावर करून घ्यावी आणि त्याच आठवड्यात पिस्तूल एकदा पूर्ण खोलून स्वच्छ करून घ्यावे. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो तेव्हा पातळ तेल उडून जाते किंवा चिकट होऊन बसते, आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर त्याच उघड्या पोलादावर दोन दिवसांत तांबूस पापुद्रा चढतो. चामड्याच्या म्यानात ते कधीही ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करावे लागले तर देण्यापूर्वी नळीत व स्लाइडखाली घट्ट ग्रीसचा पातळ थर द्यावा, पिस्तूल तेलकट सुती कापडात गुंडाळावे आणि जमा पावतीवर तिन्ही ठिकाणचा तोच क्रमांक लिहिला गेला आहे ना, हे काउंटर सोडण्याआधी वाचून पाहावे.